पॅलाडिन आणि क्लेरिक यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा: काही मित्र मिळून स्वतःचा फँटसी रोलप्लेइंग गेम मराठीतून लिहीत आहेत. त्यातल्या पॅलाडिनला (शपथेने बांधलेला पवित्र लढवय्या) ‘धर्मयोद्धा’ आणि क्लेरिकला (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा) ‘पुजारी’ म्हटलं तर चालेल का, की मूळ शब्दच ठेवावेत?

‘पुजारी’ नक्की नको. पुजारी हे देवळातलं काम झालं, आणि खेळातला क्लेरिक देवळात क्वचितच सापडतो. तो अंगात चिलखत, हातात गदा घेऊन पार्टीबरोबर, म्हणजे खेळाडूंच्या टोळीबरोबर, भुयारात उतरलेला असतो. पडलेल्या साथीदाराला उभं करतो आणि थडग्यातून उठून आलेल्यांना पिटाळून लावतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशा खेळांच्या मूळपुरुषाच्या २०१४ च्या नियमांत तर स्पष्टच म्हटलंय की मंदिरात विधी करणारा प्रत्येक जण क्लेरिक नसतो. म्हणजे पुजारी हा पेशा आणि क्लेरिक हा क्लास, खेळातल्या पात्राचा प्रकार. तुमच्या जगात दोन्ही लागणार आहेत. एकच शब्द दोघांना दिलात तर गावातल्या देवळात भेटणारा प्रत्येक म्हातारा मंत्र टाकू शकतो, असं खेळाडू गृहीत धरतील.

हा क्लास आला कुठून ते पाहिलं की शब्द शोधणं सोपं जातं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. तिसऱ्याची कथा अशी सांगतात की खेळाच्या दोन जनकांपैकी एक, डेव्ह अर्नेसन, याच्या गटात एका खेळाडूचा व्हॅम्पायर फारच डोईजड झाला, आणि त्याला आवरायला कोणीतरी हवं म्हणून क्लेरिक जन्माला आला. त्याच्यावर कपडे चढले ते मात्र मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मगुरूंचे. धारदार शस्त्र वापरायचं नाही, बोथटच हवं, हा जुना नियमही त्याच छापाचा. फ्रान्समधल्या बायोच्या प्रसिद्ध मध्ययुगीन भरतकामात बिशप ओडो घोड्यावर बसून सोटा उगारताना दिसतो, तशी ही प्रतिमा.

भुतं पिटाळणारा म्हणून ‘मांत्रिक’ सुचेल, पण तो शब्द जादूगाराच्या कामी येणार आहे, तो राखून ठेवा. ‘उपासक’ म्हणजे कुठलाही भाविक. ‘साधक’ बरा आहे, पण एकांतात बसलेला वाटतो. व्युत्पत्तीच्या मागे जाऊ नका, कारण ‘क्लेरिक’ आणि ‘क्लार्क’ हे एकाच मुळाचे. त्या हिशोबाने क्लासचं नाव ‘कारकून’ ठेवावं लागेल!

माझं मत ‘पुरोहित’ला. हा शब्द आज लग्न-मुंजीपुरता उरल्यासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘पुढे ठेवलेला’. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला पुरोहित म्हटलंय. त्यातल्याच दाशराज्ञ, म्हणजे दहा राजांविरुद्धच्या, युद्धात सुदास राजाच्या बाजूने त्याचे पुरोहित वसिष्ठ उभे असतात, इंद्राला साद घालून राजाचं रक्षण मागतात. युद्धात एका बाजूने उभं राहून देवाकडून संरक्षण आणि जय मिळवणं हेच तर क्लेरिकचं काम! शब्दाचा जुना अर्थ नियमपुस्तकात दोन ओळींत सांगितलात की पुढचं काम तो शब्दच करेल.

आता पॅलाडिन. हा शब्द मुळात धार्मिक नाहीच. रोममधली पॅलाटाइन टेकडी, तिच्यावरचे सम्राटांचे वाडे, त्यावरून ‘राजवाड्यातला माणूस’ असा लॅटिन शब्द, आणि तिथून तो मध्ययुगीन फ्रँक सम्राट शार्लमेनच्या कथांमधल्या बारा सरदारांपर्यंत पोचला. शब्दशः पाहिलं तर ‘मानकरी’. धर्माचा रंग त्याला खेळांनी गडद केला.

‘धर्मयोद्धा’बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे ‘धर्मयुद्ध’ म्हणजे नियमाने लढलेलं युद्ध: शस्त्र टाकलेल्यावर वार करायचा नाही, सूर्यास्तानंतर लढायचं नाही. पण हाच शब्द आपण क्रुसेडलाही वापरतो, म्हणजे पंथासाठी लढलेलं युद्ध. त्यामुळे ‘धर्मयोद्धा’ म्हटलं की हा धर्माने लढतो की धर्मासाठी लढतो, हे कळत नाही. पॅलाडिनच्या बाबतीत नेमका तोच कळीचा मुद्दा आहे. ‘धर्मवीर’ही टाळा, ती पदवी म्हणून इतकी रुळली आहे की खेळात उगाच वेगळे संदर्भ घेऊन येईल.

नियम बघा. हा क्लास डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७५ च्या पुरवणीत आला. १९७८ च्या नियमांत पॅलाडिनने जाणूनबुजून बेबंद कृत्य केलं तर त्याला निदान सातव्या लेव्हलच्या, त्याच्याच वृत्तीच्या (म्हणजे नियम पाळणाऱ्या आणि सज्जन) क्लेरिककडे जाऊन कबुली द्यावी लागे आणि प्रायश्चित्त घ्यावं लागे. दुष्ट कृत्य केलं तर मात्र सगळं गेलं, कायमचं. पुढे अटी सैल होत गेल्या, आणि २०१४ पासून पॅलाडिनची ताकद त्याच्या शपथेतून येते, कुठलाही देव मानलाच पाहिजे असं नाही. म्हणजे बहुतेक आवृत्त्यांत टिकलेली गोष्ट एकच, ती म्हणजे बांधिलकी मोडली की काहीतरी जातं. मराठीत याला अस्सल शब्द आहे: व्रत. ‘व्रतस्थ’ आहे, ‘व्रतभंग’ आहे, आणि कहाण्यांतलं ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ तर प्रत्येकाच्या कानात आहे.

म्हणून क्लासचं नाव ‘व्रतवीर’ आणि त्याच्या शपथेला ‘वसा’. ‘व्रतवीर’ नवा आहे, पण दानवीर, कर्मवीर यांच्या पंगतीत बसतो आणि समजावून सांगावा लागत नाही. शिवाय ‘ती व्रतवीर आहे’ असं सरळ म्हणता येतं. ‘योद्धा’चं स्त्रीलिंग करताना अडखळायला होतं, आणि टेबलावर घाईत ‘योद्ध्याने’ म्हणायचं की ‘योद्धाने’ यावर वाद होतो तो निराळाच.

वसा म्हटल्यावर डिझाइनही बदलतं, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. शपथ एका वाक्यात संपते. वशाला मात्र काय करायचं, काय वर्ज्य, किती काळ, आणि शेवटी उद्यापन, असा सगळा सांगाडा तयार असतो. प्रत्येक वशाला एक वर्ज्य गोष्ट द्या, अशी की ती पाळताना खेळाडूची खरोखर अडचण होईल: शरण आलेल्याला मारायचं नाही, किंवा वेश बदलून आत शिरायचं नाही. मोडलं की लगेच सगळी शक्ती काढून घेऊ नका. आधी वरदहस्त जाऊ दे (स्पर्शाने जखम भरणाऱ्या शक्तीला हा शब्द आयता आहे), मग बाकीचं. प्रायश्चित्त पुरोहिताकडेच ठेवा, म्हणजे दोन्ही क्लासना एकमेकांची गरज पडते. वसा कायमचा टाकला तर ‘व्रतभ्रष्ट’.

‘क्लास’, ‘लेव्हल’, ‘पार्टी’ तसेच राहू द्या. ‘वर्ग’ म्हटलं की शाळा आठवते. ड्रुइडही तसाच ठेवा. ते केल्टिक पुरोहितांचं स्वतःचं नाव आहे, आणि ‘वनपुरोहित’ वगैरे केलंत तर तुमच्या नव्या ‘पुरोहित’शी त्याची टक्कर होईल.