गायक गेला तरी बँड कसा काय टिकतो?

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत आहे, मूळ रत्नागिरीचा. आमच्या जहाजावर निम्म्याहून जास्त लोक फिलिपिनो. रात्री जेवणं झाली की मेसमध्ये कराओके चालू होतो आणि रिव्हरमाया नावाच्या बँडचं एक तरी गाणं झाल्याशिवाय कोणी झोपायला जात नाही. परवा सहज विचारलं की बाबांनो यांचा मेन सिंगर कोण? बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणाला बँबू, कूक म्हणाला रिको, आणि एक नवीन पोरगं म्हणालं जेसन. त्यावरून अर्धा तास भांडले. खरं कोणाचं?

उत्तर : दादा, तिघांचंही खरं आहे, आणि चौथं नाव राहिलंच. बोसन साहेब वयाने मोठे असणार, कारण कोण कुठलं नाव घेतं त्यावरून माणूस कॉलेजात कधी होता ते कळतं.

सुरुवातीपासून सांगतो. 1993 मध्ये इरेझरहेड्स नावाच्या फिलिपिनो बँडचा पहिला अल्बम तुफान चालला आणि मनिलातल्या कंपन्यांना कळलं की पोरांच्या बँडवर पैसा आहे. त्याच सुमारास लिझ्झा नाकपिल आणि सिनेमावाले चितो रोन्यो या दोन मॅनेजरनी एक बँड जुळवायला घेतला होता, म्हणजे गल्लीतले चार मित्र गिटार घेऊन बसले आणि बँड झाला अशी ही स्टोरी नाही, इथे माणसं शोधून, बदलून, पुन्हा शोधून टीम बसवली. 1994 ला ती रिव्हरमाया नावाने बाहेर आली. गायक बँबू मन्यालाक, कीबोर्डवर रिको ब्लँको, बासवर नेथन अझार्कॉन, ड्रमवर मार्क एस्कुएटा आणि गिटारवर पर्फ द कास्त्रो. (टागालॉगमध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत, माया म्हणजे चिमणीसारखा छोटा पक्षी, आपली आईची माया नव्हे.)

पहिल्याच अल्बमात 'उलान' म्हणजे पाऊस, आणि '214'. तुमच्या मेसमध्ये डोळे मिटून म्हणतात ते बहुतेक हेच. मग गळती लागली. 1995 ला पर्फ गेला, त्याच्या जागी नवीन गिटारवाला घ्यायच्या ऐवजी रिकोनेच गिटार उचलली आणि चौघांनी 'ट्रिप' आणि 'अॅटॉमिक बाँब' हे अल्बम काढले, माझ्या मते बँडचा सगळ्यात भारी काळ हाच. 'हिमाला' यातलंच, त्याचा हिमालयाशी काही संबंध नाही, हिमाला म्हणजे चमत्कार. आणि 'किसापमाता' म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढा वेळ. आपण ज्याला निमिष म्हणतो तेच.

1998 ला बँबू बाहेर पडला आणि अमेरिकेला गेला. तुमच्या बोसनसाठी बँड तिथे संपला. कूकसाठी तिथून खरा चालू झाला, कारण मग रिको गायला लागला तो 2007 पर्यंत. तो गेल्यावर टीव्हीवर चक्क शोध घेऊन जेसन फर्नांडेझला आणलं, ते तुमच्या नव्या पोराचं. 2011 ला जेसनही गेला आणि माइक घेतला कोणी, तर ड्रमर मार्कने.

प्रश्न : गायक बदलला की आवाज बदलला, मग तेच नाव लावून तिकिटं विकणं ही फसवणूक नाही का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : रागावू नका, पण नाही. निदान 1998 ला तरी नाही, कारण तेव्हा गेला तो आवाज, गाणी लिहिणारा जागेवरच होता. 'उलान', '214', 'हिमाला' ही सगळी रिकोचीच गाणी, बँबू ती गात होता. त्यामुळे आवाज बदलला तरी नवीन गाणं ऐकून लोकांना वाटायचं हां, हे तेच. उलट या लोकांनी नंतर जरा जास्तच डोकं चालवलं, 2000 साली 'फ्री' नावाची रेकॉर्ड काढली आणि ती खरंच फुकट वाटली. 2001 ला नेथनही गेला, तीन नवीन लोक आले, तरी 2005 मध्ये रिकोचं 'यूल बी सेफ हिअर' आलंच की, तेही मालिकेसाठी लिहिलेलं.

खरा प्रश्न 2007 नंतरचा. लिहिणाराच गेल्यावर काय राहतं? जेसन वाईट गायचा असं मी अजिबात म्हणत नाही, पण जुनी गाणी दुसऱ्याची आणि नवीन गाण्यांना ती चव नाही, यात गायक बिचारा काय करणार. तुमची शंका इथे लावली असती तर मी अर्धा तरी मान्य केला असता. अर्धाच, कारण मार्क पहिल्यापासून तिथेच आहे. 1994 पासून एक दिवस बाहेर नाही गेला. सगळे भाडेकरू बदलले तरी किल्ली ज्याच्याकडे राहिली त्याने घराच्या दारावर पाटी लावायची नाही तर कोणी लावायची?

गंमत म्हणजे बँबू परत आला तेव्हा नेथनलाच सोबत घेऊन त्याने 2003 ला वेगळा बँड काढला, नाव बँबू. त्यांचं 'नॉयपी' तिकडे कोणालाही गाता येतं. हा शब्द म्हणजे 'पिनॉय'च्या (फिलिपिनो लोक स्वतःला म्हणतात ते) दोन तुकड्यांची अदलाबदल, आपण शाळेत च ची भाषा बोलायचो ना, तसलाच प्रकार. म्हणजे काही वर्षं एका बँडचे दोन तुकडे एकाच शहरात वाजत होते आणि दोघांचीही गाणी हिट. 2011 ला तो बँडही मोडला.

प्रश्न : मग चौघं पुन्हा कधी एकत्र आलेच नाहीत? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू? (रत्नागिरीवाल्यांच्या मिसेस)

उत्तर : आले ना वहिनी. 2016 च्या जानेवारीत एका बारमध्ये गाजावाजा न करता चौघांनी थोडं वाजवलं, आणि मग थेट 17 फेब्रुवारी 2024 ला मनिलाजवळ पारान्याकेच्या मोकळ्या मैदानावर मोठा कार्यक्रम, बँबू, रिको, नेथन, मार्क. बँबू 1998 ला गेला तिथपासून सव्वीस वर्षं धरा.

सुरुवात 'हिमाला'पासून करा, मग '214', मग रिकोच्या आवाजातलं 'उमाआराव, उमुउलान', म्हणजे ऊन पडतंय पाऊस पडतोय, आपला श्रावणच. साहेब पुढच्या वेळी जहाजावर चढायच्या आधी ही तिन्ही त्यांच्या मोबाईलमध्ये डाउनलोड करून द्या, आणि बोसनसमोर रिकोची बाजू घेऊ नका म्हणावं.