जुन्या ८०३१ कार्डाला हात लावण्याआधी

भावा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या मशीनचं कंट्रोल कार्ड सोर्स कोडशिवायही, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम हाताशी नसला तरी, वाचवता येतं आणि त्यात बदलही करता येतो. ८०३१ ही कार्डावरची मुख्य कंट्रोलर चिप, तिच्या पोटात प्रोग्रॅम नसतोच. तो शेजारच्या ईप्रॉममध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरी चिपमध्ये असतो. तिच्या काचेच्या खिडकीवरचं स्टिकर काढू नकोस, उन्हानं डेटा उडतो. प्रोग्रॅमरवर (चिप वाचायच्या-भरायच्या यंत्रावर) ती दोनतीनदा वाच, फाइली ताडून बघ. एक बाइट जरी वेगळा आला तरी चिपचे पाय साफ करून पुन्हा वाच, घाई नको.

०००० पत्त्यावर बहुधा ०२ दिसेल. ती उडीची सूचना, म्हणजे प्रोग्रॅमनं दुसऱ्या पत्त्यावर जायचं; पुढचे दोन बाइट म्हणजे तो मुक्कामाचा पत्ता. तिथून घिड्रात (बाइटांवरून सूचना उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उलगडत जा. बदल शेवटच्या एफएफ भरलेल्या रिकाम्या जागेत लिही, मूळ कोडातून तीन बाइटांची उडी टाक आणि तिच्याखाली झाकलेल्या सूचना तिकडे ने. चेकसम (बाइट बरोबर आहेत का हे तपासायची बेरीज) असेल तर तोही सुधार. मूळ चिप जपून ठेव, बदललेला प्रोग्रॅम नव्या चिपमध्ये भर.

८०३१ ऐवजी लॉक केलेली (वाचू न देणारी) ८९सी५१ निघाली तर मात्र थांब; तिच्यात प्रोग्रॅम पोटातच असतो. इरेज मारलंस की लॉकबरोबर प्रोग्रॅमही जातो.