ताटाबरोबर येणारे प्रश्न

‘मुलगा माझ्या हातचं जेवत नाही हो.’ मोठ्या झालेल्या मुलांच्या आया हे ज्या आवाजात सांगतात, तो आवाज मला आता ओळखू येतो. त्यात राग थोडा असतो, अपमान जास्त. पुढचं वाक्यही जवळपास ठरलेलं: ‘बाहेरून मागवतो, खोलीत बसून खातो, काही विचारलं की दार लावून घेतो. माझं काय चुकलं?’

हाच प्रश्न घेऊन ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या एक बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शाळेच्या ऑफिसमधून नुकत्याच निवृत्त झालेल्या, नवरा अजून नोकरीत, पंचविशीतला एकुलता एक मुलगा. तो रोज वाशीच्या लोकलने ऐरोलीला कामाला जायचा. कंपनीत कपात झाली, त्यात त्याचीही नोकरी गेली. तेव्हापासून दुपारी उठायचं, रात्री उशिरापर्यंत जागायचं आणि घरात कोणाशी बोलायचं नाही, असं सुरू झालं.

बाई सुगरण. मुलाचं मन रमावं म्हणून त्यांनी स्वयंपाक वाढवला. भरली वांगी, अळूवडी, एक दिवसाआड वालाचं बिरडं. वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि मग एकेक दाणा सोलायचा. ज्यांनी सोललेत त्यांना हे काम ठाऊक आहे. इतकं करून मुलगा चार घास खाऊन उठला की त्यांची दुपार रडण्यात जायची. रात्री दाराची बेल वाजायची आणि बाहेरून मागवलेला राईस बाऊल यायचा. ‘भातच खायचाय ना, मग माझ्या भातात काय वाईट आहे?’

मी त्यांना विचारलं, ‘काल दुपारी पान वाढताना तुम्ही काय काय बोललात, जसंच्या तसं सांगाल?’ प्रश्न त्यांना विचित्र वाटला, पण सांगितलं. ‘ये जेवायला. केस कापून घे आता. त्या कंपनीकडून काही कळलं का? मामा म्हणत होता ओळखीने बघतो, त्याला फोन केलास का? बिरडं घे ना अजून, सकाळपासून सोलत होते. एवढंच? अरे, तुझ्यासाठीच केलंय सगळं.’

सांगता सांगता शेवटच्या वाक्याशी त्या थांबल्या, हे मी पाहिलं. तरी तेव्हा मी काही बोलले नाही, कारण आधी दुसरी गोष्ट तपासायची होती. जेवण कमी होणं हे रुसण्याचं लक्षण असू शकतं, तसं नैराश्याचंही. आम्ही वापरतो त्या पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीतला पाचवा प्रश्न भुकेचाच आहे: भूक मंदावली आहे का, किंवा खाणं फार वाढलं आहे का. भूक, झोप, थकवा, कशातच मन न लागणं, स्वतःला निरुपयोगी समजणं, यातलं बरंचसं दोन आठवडे जवळपास रोज दिसत असेल, तर घरगुती उपायांवर थांबायचं नाही. मरणाची भाषा एकदाही कानावर आली तर दोन आठवड्यांची वाटही बघायची नाही. मी आईला एकेक विचारत गेले. मुलगा रोज अंघोळ करत होता, रात्री मित्राबरोबर कचराळी तलावावर फेऱ्या मारत होता, रविवारचं क्रिकेट सुटलं नव्हतं. आईच्या सांगण्यावरून निदान होत नाही, म्हणून लक्ष ठेवायला सांगितलं आणि तो तयार झाला तर त्याला घेऊन या म्हटलं. तूर्त घाबरण्यासारखं दिसत नव्हतं.

मग ताटाकडे वळलो. नोकरी गेलेल्या माणसाला आपण घरावर भार आहोत असं आधीच वाटत असतं. त्यात आई सकाळपासून आपल्यासाठी राबते आहे, हे तो पाहतो, आणि ते त्याला ऐकवलंही जातं. त्याच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक वाटी उधारीच्या वहीत लिहिली जात होती. बाहेरचं जेवण तो स्वतःच्या शिलकीतून मागवत होता, तिथे हिशेब जागच्या जागी संपत होता. आणि डिलिव्हरीचा मुलगा फार तर ओटीपी विचारतो, नोकरीचं विचारत नाही.

मायेचंही ओझं होतं, हे आईला सांगणं अवघड असतं. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरांचा अभ्यास करून १९७२ मध्ये मांडलं होतं, की सतत टीका आणि वैरभाव यांच्या जोडीने घरच्यांचं भावनिकदृष्ट्या अति गुंतणंही आजार उलटण्याशी जोडलेली दिसते. या मुलाला तो आजार नव्हता. पण काळजी घेणाऱ्याने आपलं सगळं चित्त दुसऱ्यावर रोखून धरलं तर समोरच्याचा श्वास अडकतो, हे घराघरांत दिसतं.

मी सुचवलं ते अगदी साधं होतं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत रात्री एकच पदार्थ: मऊ भात, वर साधं वरण किंवा मेतकूट, तूप, लिंबू. तिघांनी तेच खायचं. ‘अजून घे’ नाही, किती मेहनत पडली ते नाही, नोकरीचा विषय नाही. साडेआठला तुम्ही दोघं जेवायला बसायचं, तो आला तर आला. त्याच्यासाठी उपाशी थांबायचं नाही.

शेवटच्या अटीवर त्या सगळ्यात जास्त अडल्या. ‘तो जेवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?’ मी म्हटलं, तुम्ही उपाशी बसलात की उशिरा येण्याची शिक्षा त्याला रोज मिळते, म्हणून तो येतच नाही. दुसरी हरकत अशी, की हे तर आजाऱ्याचं जेवण. सुगरण आई घरात असताना मुलाला मेतकूट-भात द्यायचा? ही लाज मला नोकरी करणाऱ्या बायकांकडूनही फार ऐकायला मिळते. पोळी, भाजी, आमटी, कोशिंबीर असं चारी ठाव नसलं की आपण घरच्यांना फसवलं, असं त्यांना वाटतं. मला यात काही तथ्य दिसत नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळातून मिळतं. वरण-भात पोषणाच्या हिशेबातही पोरका नाही. दुपारी एक भाजी झाली की काम भागतं.

बाई सुगरणच, त्यामुळे साध्या भाताचाही त्यांनी विचार केला, आणि तो भाग मला आवडला. घरात वर्षानुवर्षं वाडा कोलम. वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, तेव्हा हा तांदूळ त्यांना घरचाच वाटतो. पण तो मोकळ्या भाताला छान. मऊ भातासाठी त्यांनी जांभळी नाक्यावरून इंद्रायणी आणला, १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला वाण, आंबेमोहोराच्या वंशातला, म्हणून सुवास आणि चिकटपणा दोन्ही. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचा, चार वाट्या पाणी, मीठ, कुकरच्या चार-पाच शिट्ट्या, झाकण पडलं की पळीने घोटायचा. तुरीच्या वरणात हळद, हिंग, गुळाचा खडा, फोडणी नाही. मेतकूट त्यांनी घरी केलं: हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू वेगवेगळे खरपूस भाजून, धणे, जिरं, थोडी मेथी, सुंठ, हळद, हिंग घालून दळलेलं. सोबत तळलेली सांडगी मिरची. चव हवी असेल तर ती मिरचीतच असते, असं माझं मत.

एक खबरदारी मात्र मला सांगावी लागली. मुलगा रात्री बारा-एकला जेवायचा आणि तोवर भात कुकरमध्ये तसाच. ठाण्याच्या दमट हवेत हे बरं नव्हे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात तास-दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायचा, खायच्या वेळी चमचाभर पाणी घालून चांगली वाफ येईपर्यंत गरम करायचा. गरम त्याचा तोच करील.

सुरुवातीला फारसं काही झालं नाही. तो वाडगा उचलून खोलीत न्यायचा. त्यात एका रात्री वडिलांनी भाताचा पहिला घास घेताच ‘बायोडेटा कुठवर आला?’ असं विचारलं आणि सगळं पुन्हा बंद दाराआड गेलं. मग मी वडिलांना बोलावलं. त्यांची निवृत्ती जवळ आलेली, घराचे हप्ते चालू. माणूस घाबरलेला होता आणि विचारायला त्यांना दिवसात तेवढीच वेळ सापडत होती. प्रश्न गिळा असं मी त्यांना सांगितलं नाही. गिळलेले प्रश्न चेहऱ्यावर दिसतातच. रविवारी सकाळी अर्धा तास, कचराळीला चालताना, नोकरीबद्दल जे विचारायचं ते विचारा; बाकी सहा दिवस तो विषय बंद. हे आधी मुलाला सांगा, त्याची हरकत असेल तर वार आणि वेळ त्याला बदलू दे. त्याने शनिवार संध्याकाळ निवडली.

माझ्या मते खरा फरक इथे पडला. प्रश्नांना त्यांची जागा मिळाली आणि जेवण मोकळं झालं. भाताने मदत एवढीच केली, की त्यात कौतुकाची अपेक्षा मावत नाही. मऊ भात कसा झालाय असं कोणी विचारत नाही.

मग एक दिवस तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, ‘लिंबू आहे का?’ आईने मला हे बातमी सांगावी तसं सांगितलं. पुढे तो ओट्याशी उभा राहून जेवू लागला, नंतर टेबलाशी. दोन मुलाखतींत नकार मिळाला होता आणि त्याने तो लपवला होता, हे असंच एका रात्री ताट धुताना त्याने सांगितलं. आई डोंबिवलीला बहिणीकडे राहायला गेली तेव्हा त्याने वडिलांसाठी खिचडी टाकली. पाणी जास्त झालं, दोघांनी चमच्याने खाल्ली.

तो मला एकदा स्वतः भेटून गेला. म्हणाला, ‘आईचं बिरडं मला आवडतं. पण ते खाल्लं की उद्या नोकरी घेऊनच घरी आलं पाहिजे, असं वाटायचं.’ प्रश्नावली त्याने माझ्यासमोर भरली. झोपेचा आणि स्वतःबद्दलच्या कमीपणाचा भाग वर होता, त्यावर आम्ही काम सुरू केलं. भाताने नोकरी लागत नाही आणि नैराश्यही जात नाही. तुमच्या घरात वर सांगितलेली लक्षणं दिसत असतील तर जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. मराठीतून बोलता येतं.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारलं, ‘आता पाडवा येतोय. श्रीखंड करू की तेही नको?’

‘तुम्हाला खावंसं वाटतंय का?’

‘मला श्रीखंड आवडतच नाही. ते या दोघांसाठी असतं. मला बासुंदी आवडते.’

‘शेवटची कधी केली होती?’

त्यांना आठवेना. ‘लग्नाआधी आई करायची,’ म्हणाल्या, आणि पर्समधून कागद काढून त्यावर दोन लिटर दूध लिहिलं.