हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करताना ‘धप्प’ आवाज येतो. हेडफोन खराब होतील का?

तुमचा अ‍ॅम्प १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, हेडफोन ३२ ओहमचे आहेत, चालू करताना ‘धप्प’ आणि बंद केल्यावर थोड्या वेळाने बारीक ‘टप्’ ऐकू येतं, मधल्या वेळात गाणी नीट वाजतात. एवढ्यावरून सांगतो: त्या एका धप्पने कॉइल (हेडफोनचा पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) जळण्याची शक्यता फार कमी. कॉइल जाळतो तो सतत एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, म्हणजे डीसी, आणि त्याचा आवाज येत नाही. म्हणून आधी मल्टिमीटर काढा.

हेडफोन बाजूला ठेवा. एका सुट्या प्लगला टोक (डावा चॅनेल) आणि ग्राउंड यांच्यात एक, मधली कडी (उजवा चॅनेल) आणि ग्राउंड यांच्यात एक असे ३३ ओहम, अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर सोल्डर करा. अ‍ॅम्प बंद असताना हा प्लग लावा, मग चालू करा. मीटर डीसीवर, आधी २० व्होल्टच्या रेंजवर आणि आकडा लहान दिसला तर २०० मिलिव्होल्टवर. गाणं बंद ठेवून आवाजाचं बटण शून्यावर, मग अर्ध्यावर ठेवून दोन्ही चॅनेल मोजा. १० मिनिटांनी अ‍ॅम्प तापल्यावर पुन्हा मोजा. ५ मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, २० पर्यंत चालेल, ५० च्या वर गेला तर कारण शोधा. १०० च्या पुढे असेल तर दुरुस्तीआधी हेडफोन लावूच नका. (रेझिस्टर धुमसायला लागला, तर मोजण्याची गरजच उरली नाही.) बटण फिरवताना आकडा बदलत असेल किंवा खरखर येत असेल, तर डीसी बहुधा मागून, म्हणजे सोर्सकडून (फोन, लॅपटॉप वगैरे) येतोय. बटणाच्या आधी २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर टाकला की तो थांबतो.

आता धप्प का होतं ते. एकाच सप्लायवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचं आउटपुट निम्म्या व्होल्टेजवर, इथे ६ व्होल्टवर, बसलेलं असतं. ते हेडफोनपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये बहुधा ४७० मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर असतो. चालू करताना तो रिकामा असतो, आणि तो भरणारा सगळा प्रवाह हेडफोनमधूनच जातो. वाईटात वाईट धरलं तरी पहिल्या क्षणी ६ भागिले ३२, म्हणजे साधारण १८७ मिलिअँपिअर, जवळजवळ १.१ वॉट. आकडा घाबरवणारा आहे, पण १५ मिलिसेकंदांत प्रवाह ३७ टक्क्यांवर येतो आणि एकूण ऊर्जा भरते फक्त ८.५ मिलिज्यूल. एवढ्याने कॉइल कोमटही होत नाही. पडद्याला मात्र दणका बसतो, आणि कानात घट्ट बसणारे इअरफोन असतील तर मला कॉइलपेक्षा कानाची काळजी जास्त वाटेल. हाच कपॅसिटर शॉर्ट झाला तर गोष्ट वेगळी: तेच ६ व्होल्ट सतत, तोच १.१ वॉट सतत, आणि कॉइल बघता बघता जाऊ शकते.

दोन सप्लायच्या (अधिक-उणे) अ‍ॅम्पमध्ये आउटपुटला कपॅसिटर नसतो. तिथे चालू होताना एक बाजू आधी चढते किंवा बंद होताना आधी कोसळते, आणि ऑपअँपचं (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचं) आउटपुट तेवढा वेळ भरकटतं.

एक सोपी परीक्षा: बटण शून्यावर ठेवून चालू करा. धप्प तरीही येत असेल तर तो बटणाच्या पुढे तयार होतोय, आवाज कमी ठेवून फायदा नाही. गायब झाला तर दोष सोर्सचा. मग चालू करताना सोर्स आधी, अ‍ॅम्प शेवटी, आणि बंद करताना उलट, एवढं पुरतं. मल्टिमीटर इतका झटपट धक्का पकडत नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर दोन लाल एलईडी उलटसुलट समांतर जोडा, १०० ओहमच्या रेझिस्टरमधून आउटपुटला लावा. चमक दिसली तर धक्का साधारण पावणेदोन व्होल्टच्या वर आहे.

लगेच करता येण्यासारखा उपाय म्हणजे अ‍ॅम्प चालू करून १० सेकंदांनी बटण शून्यावर ठेवून हेडफोन लावणं, आणि बंद करण्याआधी काढणं. पण यात एक गोम आहे. हेडफोन नसताना आउटपुट कपॅसिटरला भरायला वाटच नसेल, तर तो तुम्ही प्लग घालेपर्यंत रिकामाच राहतो आणि धप्प तेव्हा येतो. त्यासाठी कपॅसिटरच्या हेडफोनकडच्या टोकापासून ग्राउंडला १ किलोओहम, पाव वॉटचा रेझिस्टर लावा. दोन-अडीच सेकंदांत तो भरतो. दुसरं असं की प्लग आत सरकताना त्याच्या कड्या सॉकेटच्या पट्ट्यांना क्षणभर शॉर्ट करतात, म्हणून बटण शून्यावर हवंच.

कायमचा इलाज रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच. दोन पोलचा, दोन्ही चॅनेल एकदम तोडणारा, नॉर्मली ओपन (वीज नसताना सुटे राहणाऱ्या) संपर्कांवर जोडलेला. चालू झाल्यावर ३ ते ५ सेकंदांनी तो लागावा: १०० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड हे ४.७ सेकंदांचं माप सुरुवातीला घ्या, पण रिले चालवणारा ट्रान्झिस्टर किती व्होल्टला चालू होतो त्यानुसार प्रत्यक्ष वेळ बराच कमी येऊ शकतो. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) विसरू नका, नाहीतर ट्रान्झिस्टर जाईल. १० अँपिअरचा जाडजूड रिले घेऊ नका. त्याचे चांदीचे संपर्क इतक्या लहान सिग्नलवर कालांतराने कुरकुरायला लागतात. सोन्याचा मुलामा असलेला लहान सिग्नल रिले घ्या.

बहुतेक घरगुती सर्किटं फसतात ती बंद करताना. रिले मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरूनच चालत असेल, तर वीज गेल्यावरही तो सेकंदभर धरून राहतो आणि टप् हेडफोनमध्ये जातोच. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून (बाहेर वीज देणाऱ्या वेटोळ्यावरून) वेगळा डायोड आणि लहान कपॅसिटर घेऊन रिलेचा हुकूम त्यावर चालवा, म्हणजे आउटपुट ढळण्याआधी संपर्क सुटतो. अडॅप्टर असेल तर हा हुकूम स्विचच्या लगेच पुढून घ्या, आणि पुढच्या मोठ्या कपॅसिटरकडे जाताना मध्ये एक डायोड, म्हणजे तो उलटा रिकामा होऊन रिले धरून ठेवणार नाही.

नुसता विलंबाचा रिले गाणं चालू असताना ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर काही वाचवत नाही. त्याला डीसी ओळखणारा भाग लागतो. यूपीसी १२३७ ही आयसी स्पीकरसाठी बनलेली असली, तरी विलंब, वीज गेल्याची दखल आणि डीसी ही तिन्ही कामं एकटी करते.

अ‍ॅम्प बॅलन्स्ड (प्रत्येक चॅनेलला अधिक-उणे अशा स्वतंत्र दोन तारा असलेला) असेल तर वरचं माप ग्राउंडशी नको, त्याच चॅनेलच्या दोन तारांमध्ये घ्या आणि रिले चार पोलचा लावा. दोन्ही उणे तारा एकत्र जोडल्या तर आउटपुट शॉर्ट होईल.