वाचकांचे प्रश्न : ‘लिअँडर’ नावाची कुळकथा

प्रश्न : मुलाचे नाव ‘लिअँडर’ ठेवायचे मनात आहे. टेनिसपटू लिअँडर पेसमुळे ते माहीत झाले. कुणी सांगते हे ग्रीक पुराणातले नाव, कुणी सांगते संताचे. खरे काय, आणि अर्थ काय? (वसई)

उत्तर : दोन्ही खरे. मूळ ग्रीक रूप ‘लेआन्द्रोस’. त्यात ‘लेऑन’ म्हणजे सिंह आणि ‘आनेर’ म्हणजे पुरुष. सिंहासारखा शूर पुरुष, एवढा सरळ अर्थ. हा ‘आनेर’ आणि आपला ‘नर’ एकाच मुळातून आलेले आहेत. त्यामुळे घरातल्या आजीला समजावताना ‘आपल्या नरसिंहाचा भाऊबंद’ म्हटलेत तरी चालेल.

पुराणकथेतला लिअँडर अबिडॉसचा तरुण. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीच्या आशियाई काठावर होते. समोर युरोपच्या काठावर सेस्टॉस. तिथे हीरो नावाची तरुणी राहत असे. ‘हीरो’ हे इथे मुलीचे नाव आहे, वाचताना घोटाळा होऊ देऊ नका. ती प्रेमदेवता आफ्रोदितीची पुजारीण होती. ती रात्री मनोऱ्यावर दिवा लावायची, त्या खुणेवर लिअँडर पोहत यायचा आणि उजाडायच्या आत परत जायचा. हिवाळ्यातल्या एका वादळी रात्री दिवा विझला, त्याची दिशा चुकली आणि तो बुडाला. सकाळी त्याचा देह पाहून हीरोने मनोऱ्यावरून उडी घेतली. रोमन कवी ओव्हिडने या दोघांची एकमेकांना पत्रे रचली. पुढे म्युसिअस या ग्रीक कवीने सबंध कथा एका दीर्घ काव्यात सांगितली. कथेवर त्या गावांचाही जीव होता. रोमन काळात अबिडॉसने पाडलेल्या काही नाण्यांवर मनोऱ्यात दिवा घेतलेली हीरो आणि खाली पाण्यात हात मारणारा लिअँडर स्पष्ट दिसतो.

पण हे नाव आपल्या किनाऱ्यापर्यंत आले ते या प्रियकरामुळे नव्हे, ते एका बिशपांमुळे. संत लिअँडर हे सहाव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचे बिशप. पोप ग्रेगरी द ग्रेट यांचे स्नेही, आणि विद्वान म्हणून नावाजलेले संत इसिदोर यांचे थोरले भाऊ. त्या काळी स्पेनवर राज्य करणारे व्हिसिगॉथ राजे एरियन पंथाचे, म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे होते. राजा रेकारेडने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि 589 मध्ये टोलेडोच्या तिसऱ्या धर्मसभेत ती जाहीर झाली, त्यामागे लिअँडर यांचे कष्ट होते. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये मुलांना हे नाव संताचे म्हणून मिळत राहिले. पोर्तुगीज भाषेत ते ‘लिआंद्रो’, इंग्रजीत ‘लिअँडर’. पेस यांचे वडील, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधले कांस्यपदक विजेते हॉकीपटू डॉ. वेस पेस, मूळ गोव्याचे. तेव्हा हे नाव त्या घरात परके नव्हते.

प्रश्न : कथेतला नायक बुडून मरतो, म्हणून घरातली मंडळी नाव अशुभ मानतात. शिवाय मूर्तिपूजकांच्या कथेतले नाव बाप्तिस्म्याला चालेल का?

उत्तर : चालेल. 1983 च्या चर्चच्या कायद्यातला 855 वा नियम एवढेच सांगतो की आईवडील, धर्ममातापिता आणि पॅरिश प्रिस्ट यांनी ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. इथे तर नावामागे प्रत्यक्ष संत उभे आहेत. त्यांचा सण रोमन संतयादीप्रमाणे 13 मार्चला येतो. फादरांना भेटताना संताचे नाव आणि तारीख सांगा, म्हणजे विषय तिथेच मिटतो. अशुभाचे म्हणाल, तर नाव माणसाचे असते, मरणाचे नाही. अभिमन्यू हे नाव आपण किती हौसेने ठेवतो!

प्रश्न : ती सामुद्रधुनी खरोखर पोहून जाता येते का? (पुण्याच्या एका जलतरणपटूचा प्रश्न)

उत्तर : येते, पण सरळ रेषेत नाही. सगळी मेख प्रवाहात आहे. वरच्या थरातले पाणी मार्मारा समुद्राकडून एजियन समुद्राकडे, म्हणजे ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, जोरात वाहते. सर्वांत अरुंद जागी दोन काठांतले अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास असले तरी प्रवाह पोहणाऱ्याला खाली ओढत नेतो आणि प्रत्यक्षातले अंतर कित्येक पटींनी वाढते.

इंग्रज कवी बायरनने 3 मे 1810 रोजी एका नौदल अधिकाऱ्याबरोबर हे अंतर 1 तास 10 मिनिटांत पार केले. आधीचा प्रयत्न गार पाण्यामुळे सोडावा लागला होता. सरळ मोजले तर तिथली रुंदी मैलभर. प्रवाहाने वाहवत नेलेले धरून आपण चार मैलांहून अधिक गेलो, असा त्याचा स्वतःचा हिशेब. तो युरोपकडून आशियाकडे आला होता. लिअँडर जायचा उलट दिशेने, आणि रात्रीत दोन्ही वेळा.

आता दरवर्षी 30 ऑगस्टला युरोपच्या काठावरचे एजेआबात ते आशियाई काठावरचे चनाक्काले अशी सुमारे साडेचार किलोमीटरची स्पर्धा होते. त्या वेळी जहाजांची वाहतूक थांबवतात. नवख्यांची हमखास होणारी चूक म्हणजे सुरुवातीपासून शेवटच्या रेषेवर नजर ठेवून पोहणे. असा माणूस प्रवाहाबरोबर रेषेच्या पुढे निघून जातो आणि मग उलटा पोहून येणे जमत नाही. आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाची खूण धरून मध्यावर जायचे, मग वळायचे. उरलेले काम प्रवाह करतो. लिअँडरला अंधारात दिव्याची इतकी गरज का होती, ते यावरून कळते.

एक खबरदारी. इस्तंबूलला गेलात तर ‘लिअँडरचा मनोरा’ म्हणून पाण्यातली एक देखणी वास्तू दाखवतील. ती बॉस्फरसमध्ये आहे. कथेची जागा तिथून बरीच दूर, मार्मारा समुद्राच्या पलीकडच्या टोकाला.

प्रश्न : माझगाव गोदीत ‘लिअँडर’ जातीच्या युद्धनौका बांधल्या, असे वडील सांगायचे. नाव तेच का?

उत्तर : तेच. ब्रिटिश आराखड्याची ही फ्रिगेट. त्यानुसार मुंबईत बांधलेली पहिली नौका ‘आयएनएस निलगिरी’ 1972 मध्ये नौदलात दाखल झाली. हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी या पुढच्या पाच.

प्रश्न : नाव खरेच दुर्मीळ आहे का? संकेतस्थळांवर वेगवेगळे क्रमांक दिसतात.

उत्तर : ‘लिअँडर’ हे रूप दुर्मीळ, ‘लिआंद्रो’ मुळीच नाही. ब्राझील, अर्जेंटिनात लिआंद्रो पैशाला पासरी. इंग्रजी रूपाला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बरे दिवस होते. टेक्सासमधले लिअँडर हे गाव एका रेल्वे अधिकाऱ्याच्या नावावरून वसले आहे. क्रमांक पाहायचेच तर अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याची यादी पाहा. तिच्यात 1880 पासूनची नावे आहेत, पण वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेले नाव येत नाही आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळे मोजले जाते. त्यामुळे नुसत्या क्रमांकावर जाऊ नका, बाळांची संख्या बघा. तळाकडे चार-दोन बाळांच्या फरकाने क्रमांक खूप वरखाली होतो. आपल्याकडे मात्र नावाची ओळख करून दिली ती पेसने. 1996 ला अटलांटात त्याने एकेरीचे कांस्य मिळवले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यानंतरचे भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

प्रश्न : दाखल्यावर नाव कसे लिहावे?

उत्तर : घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नाव नंतर घालता येते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा नाव चढले की निबंधक लेखनातली चूक दुरुस्त करतो, नाव बदलून देत नाही.

महाराष्ट्रातला दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, गडबड तिथेच होते. मराठीत लिअँडर, लिएंडर, लिएण्डर अशी तीन-चार रूपे छापून येतात. त्यातले एक ठरवून कागदावर ठळक लिहून न्या. इंग्रजी अक्षरे एल-ई-ए-एन-डी-ई-आर अशी सुटी सुटी सांगा, नाहीतर मधला ‘ए’ गळतो आणि मूल ‘लेंडर’ होते. आधार काढताना इंग्रजी नाव टंकले की मराठी रूप यंत्र आपोआप भरते आणि ते बहुतेक वेळा चुकते. पावतीवर सही करण्याआधी पडद्यावरचे मराठी नाव स्वतः वाचा. आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यातली एक संधी यंत्राच्या चुकीपायी घालवू नका.