घरपट्टी कमी झाली, मग शाळेचं काय? टेक्सासकरांचे प्रश्न

नोव्हेंबर 2025 मध्ये टेक्सासच्या मतदारांनी होमस्टेडची सूट (स्वतःच्या राहत्या घराच्या किमतीतली जी रक्कम शाळेच्या टॅक्ससाठी धरत नाहीत ती) 1 लाखावरून 1 लाख 40 हजार डॉलर केली, आणि तेव्हापासून इनबॉक्समध्ये तेच तेच प्रश्न येतायत. त्यातले पाच घेतो.

प्रश्न: फ्रिस्कोत स्वतःचं घर आहे. सूट वाढली म्हणे, पण आमचा महिन्याचा एस्क्रो (घराच्या हप्त्यासोबत टॅक्स-इन्शुरन्ससाठी कापली जाणारी रक्कम) तर वाढूनच आला. मग वाचलेले पैसे गेले कुठे?

ही सूट बिलातल्या फक्त शाळेच्या भागाला लागते. सिटी, काउंटी, कॉलेज यांचे टॅक्स वेगळे, त्यांना तिचा काही संबंध नाही. शाळेचा रेट शंभर डॉलरमागे साधारण एक डॉलर धरा, मग 40 हजारांच्या जादा सुटीचे वर्षाला 400 झाले, म्हणजे महिन्याला तेहतीस डॉलर, आणि एस्क्रोत घराचा इन्शुरन्सपण असतो आणि तो गारपिटीच्या कृपेने असा वाढलाय की तेहतीस डॉलर त्यात कुठे विरघळले कळणारही नाही. अजून एक, होमस्टेडचा अर्ज केलाय ना? घर घेतलं की तो आपोआप लागतो असं समजून बसलेले खूप भेटतात. राहून गेला असेल तर मागच्या दोन वर्षांचापण मिळू शकतो.

प्रश्न: म्हणजे तेवढे पैसे शाळेचे कमी झाले का? मुलीच्या शाळेत आर्टच्या टीचर कमी केल्या, नवरा म्हणतो टॅक्स कटमुळेच.

थेट तसं नाही. सुटीमुळे स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, जो खड्डा पडतो तो स्टेट भरून देतं, 2023 च्या पॅकेजमध्ये दिलं, 2025 लाही दिलं. त्यामुळे "कट केला म्हणून शाळा बुडाली" हे चूक, पण "स्टेटने शाळांना विक्रमी पैसे दिले" असं जे भाषणात ऐकू येतं ना, तिथेच खरी गंमत आहे, कारण त्यातला मोठा भाग तुमच्या खिशातून जायचा तो आता स्टेटच्या तिजोरीतून जातोय, शाळेच्या हातात आधी जेवढे होते तेवढेच. दर विद्यार्थ्यामागची मूळ रक्कम, बेसिक अलॉटमेंट, 2019 पासून 6,160 डॉलरवर अडकली होती. मधल्या काळात बस, डिझेल, पगार, सगळं महागलं. 2025 ला वाढली ती किती, तर 55 डॉलर! शिक्षकांच्या पगारवाढीला वेगळे पैसे दिले हे खरं, पण ते पगारालाच वापरायचे. वर हे पैसे पटावरच्या मुलांवर नाही तर रोजच्या हजेरीवर मिळतात, त्यामुळे पोरांना दिवाळीला घरी ठेवलं की शाळेचंपण नुकसान (ठेवू नका म्हणत नाही, आम्हीपण ठेवतो).

माझं मत विचाराल तर कट वाईट नाही, पण शाळेची चावी गावातून उठून राजधानी ऑस्टिनच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे विधानभवनात गेली, आणि तेल-गॅसचे दिवस फिरले की ती तिजोरी किती उघडेल याची मला धाकधूक आहे.

प्रश्न: मी पुण्याहून लेकाकडे आलोय. घरपट्टीवर शाळा चालते हे प्रकरणच डोक्यात शिरत नाही. आपल्याकडे असं कुठे आहे?

काका, आपल्याकडेही घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची ओळ असते, 1962 च्या कायद्यापासून, पण तो जातो राज्याकडे, आणि जिल्हा परिषदेच्या मास्तरांचा पगारही राज्यच देतं. इथे शाळेचा डिस्ट्रिक्ट स्वतःच टॅक्स लावतो. त्यामुळे महागडी घरं तिथे चांगली शाळा, असं चक्र फिरतं. सॅन अँटोनियोच्या एजवूड भागातले पालक याच्यावर कोर्टात गेले, 1973 ला सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 4 ने हरले, मग 1989 ला टेक्सासच्याच कोर्टात त्यांचा डिस्ट्रिक्ट जिंकला आणि 1993 पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टचे जादा पैसे स्टेट काढून घेतं. लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात. ऑस्टिनचे लोक त्यावरून अजून चिडतात.

प्रश्न: एच-वन-बी व्हिसावर आहोत, टॅक्स आम्ही भरतो, मत दुसरेच देतात. काय करायचं?

मत सिटिझन झाल्याशिवाय नाही, ग्रीन कार्डवरही नाही. पण स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बोलता येतं, तिथे पासपोर्ट विचारत नाहीत. आणि जे सिटिझन झालेत त्यांनी मे महिन्यातल्या लोकल निवडणुकीला जायला हवं, तिथे गर्दी इतकी कमी असते की एखाद्या सोसायटीने ठरवलं तर निकाल फिरेल. टॅक्स कमी करायचा प्रश्न आला की लोक भरभरून हो म्हणतात, आणि शाळेच्या बॉन्डच्या (कर्जरोख्यांच्या) मतपत्रिकेवर मात्र कायद्याने मोठ्या अक्षरात "ही मालमत्ता करवाढ आहे" असं छापावंच लागतं, रेट वाढणार नसला तरी! बरं बॉन्डचे पैसे इमारतीला, बसला. त्यातून टीचरचा पगार देता येत नाही.

प्रश्न: गव्हर्नर ॲबट म्हणतात घरमालकांचा शाळेचा टॅक्सच बंद करू. शक्य आहे का? आणि बाबांच्या टॅक्स-फ्रीझचं (गोठवलेल्या टॅक्सचं) काय?

मिशिगनने 1993 ला शाळेचा टॅक्स आधी उडवला आणि पर्याय नंतर शोधला. त्याच वर्षी कल्कास्का नावाच्या गावाने पैशाअभावी शाळा मार्चमध्येच बंद केली होती. पुढच्या वर्षी मतदारांसमोर नुसतं हो-नाही नव्हतं. सेल्स टॅक्स 4 वरून 6 टक्के, नाहीतर इन्कम टॅक्स वाढणार. लोकांनी सेल्स टॅक्स घेतला. टेक्सासमध्ये इन्कम टॅक्सचा रस्ताच 2019 ला घटनेने बंद केलाय, म्हणजे उरतो सेल्स टॅक्स, आणि तो भाड्याने राहणाऱ्यालाही लागतो, ज्याला होमस्टेडचा एक पैसा मिळत नाही. नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी 2024 ला प्रॉपर्टी टॅक्स पूर्ण बंद करायला चक्क नाही म्हटलं.

बाबा 65 च्या वर असतील, घर त्यांच्या नावावर असेल आणि ते तिथेच राहत असतील तर शाळेसाठी एकूण 2 लाखांची सूट, वर शाळेचा टॅक्स डॉलरमध्ये गोठतो. नवी खोली बांधली तर वाढेल, बॉन्ड पास झाला म्हणून वाढत नाही. हे त्यांना मतदानाच्या आधी सांगा, बऱ्याच आजी-आजोबांना माहीतच नसतं.