व्हेनिस बघायचंय, पण राहायचं मेस्त्रेला?

प्रश्न : आम्ही मे महिन्यात इटलीला चाललोय, मी, मिस्टर, बारावी झालेली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाट रस्त्यावर छान चालतात पण जिने नकोच म्हणतात. व्हेनिसला दोन रात्री आहेत. आत हॉटेलं फार महाग दिसतायत आणि त्याहून कमी पैशात पाण्याबाहेर जमिनीवरच्या मेस्त्रेला मोठी रूम, लिफ्ट, ब्रेकफास्ट सगळं मिळतंय. नणंद म्हणते, एवढं लांब जाऊन व्हेनिसच्या बाहेर राहण्यात काय अर्थ आहे? काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, मेस्त्रेलाच राहा. नणंदबाईंचं म्हणणं चूक नाहीये, तुम्ही दोघंच जात असता तर मीही म्हटलं असतं की पैसे गेले तरी चालतील पण एक रात्र आत काढा, कारण दिवसाची गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस खरंच वेगळं असतं. पण सासूबाई बरोबर आहेत ना, मग हिशोब बदलतो. व्हेनिसमध्ये गाडी नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही, आणि चारशेच्या वर पूल आहेत, त्यातले बहुतेक पायऱ्यांचे. वेबसाइटवर 'बोटीपासून ५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं पण त्या पाच मिनिटांत दोन-तीन पूल लागतात, म्हणजे बॅगा उचला, चढा, उतरा, परत उचला. त्यात जुन्या इमारतींमधल्या कितीतरी हॉटेलांना लिफ्ट नसते, आणि रूम तिसऱ्या मजल्यावर मिळाली तर सासूबाई रोज त्या जिन्यानेच थकून जातील.

मेस्त्रे म्हणजे काही वेगळं लांबचं गाव नाही, ते व्हेनिस नगरपालिकेच्याच हद्दीत आहे, फक्त जमिनीवर. मधे खाडीवरचा पूल, रेल्वेचा १८४६ सालचा आणि गाड्यांचा १९३३ सालचा. ट्रेनने दहा-बारा मिनिटं, दादरहून कुर्ल्याला जावं इतकंच. गाड्या सारख्या असतात आणि तिकीट दीड युरोच्या आसपास. कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो, हे मुलीला सांगून ठेवा, तीच लक्ष ठेवेल.

हॉटेल मात्र स्टेशनपासून चालत जाता येईल असंच घ्या. विया का मार्चेल्लो नावाच्या रस्त्यावर नवीन मोठी हॉटेलं ओळीने झालीयत, तिथे बघा. स्वस्त मिळतंय म्हणून हायवेजवळचं किंवा बस बदलून जावं लागेल असं घेऊ नका, मग बाहेर राहण्याचा सगळा फायदा गेला. कारण खरा फायदा हाच की दुपारी उन्हात सासूबाई दमल्या तर त्यांना पटकन रूमवर आणून आडवं होऊ देता येतं आणि संध्याकाळी परत जाता येतं.

रोम किंवा फ्लॉरेन्सहून येताना ट्रेनचं तिकीट 'वेनेझिया मेस्त्रे'चं काढा. 'वेनेझिया सांता लुचिया' हे आतलं शेवटचं स्टेशन, बॅगा घेऊन तिथवर जायचं कारण नाही.

आत फिरायला बोट, म्हणजे वापोरेत्तो. सांता लुचियाच्या बाहेरच धक्का आहे. १ नंबरची बोट सगळ्या ग्रँड कॅनॉलमधून, म्हणजे शहराच्या मुख्य कालव्यातून, रमतगमत जाते, सासूबाईंना बसायला जागा मिळाली की अख्खं शहर दोन्ही बाजूंनी बघून होतं, पायरी न चढता. धक्का पाण्यावर तरंगता असतो, बोट लागली की माणूस दोर बांधतो, दांडा सरकवतो, आधी उतरणाऱ्यांना उतरू देतात, मग चढायचं, घाई करायची नाही. सान मार्को या मुख्य चौकात जायला 'सान मार्को वाल्लारेस्सो' या धक्क्यावर उतरा, तिथून गल्लीतून चौकात जायला पूल लागत नाही. पुढच्या 'सान झाक्कारिया'ला उतरलात तर लागतो. सुट्टं तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटांचं, त्यापेक्षा २४ तासांचा पास घ्या, तो मेस्त्रेच्या बस आणि ट्रॅमलाही चालतो. ट्रेनला नाही.

अजून एक. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी लावलीय. मेस्त्रेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती माफ आहे, पण ऑनलाइन नोंदणी करून माफीचा कोड घ्यावा लागतो. पादोव्हा किंवा मोल्यानोला राहिलात तर ही माफी नाही, कारण ती गावं हद्दीबाहेर. आणि हॉटेलात माणशी, रात्रीच्या हिशोबाने टूरिस्ट टॅक्स वेगळा घेतात, बुकिंगच्या रकमेत तो बहुतेक नसतो.

प्रश्न : रात्री मेस्त्रेला परत येणं सेफ आहे का? (आणखी एक वाचक, नाशिक)

उत्तर : आहे. स्टेशनच्या आसपासचा भाग देखणा नाही, विया पियावे या रस्त्याच्या बाजूला रात्री थोडं नकोसं वाटू शकतं, पण स्टेशनच्या अगदी जवळ हॉटेल असेल तर तिकडे जायची गरजच पडत नाही. मध्यरात्रीनंतर ट्रेन विरळ होतात, तेव्हा पियात्साले रोमा या व्हेनिसच्या बस स्टँडच्या चौकातून रात्रीची बस मिळते. पाकीटमारांची काळजी मात्र दिवसा जास्त घ्या, गर्दीच्या ट्रेनमध्ये आणि बोटीवर चढताना पर्स पुढे धरा आणि पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवा.